समाधानी राहायला शिकायचं कसं (गाडीवर स्टिकर लावून नाही)

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पार्किंगमध्ये दर रविवारी निदान चार-पाच गाड्यांवर बायबलमधलं ते वचन दिसतं, फिलिप्पैकरांस पत्र 4:13, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे. माझ्या स्कूटीवर पण होतं, खोटं कशाला बोलू. परीक्षा, नोकरी, व्हिसा, वजन कमी करणे, सगळ्याला आपण हेच वचन लावतो आणि मग ते काम झालं नाही की वचनावरूनच विश्वास उडतो. गंमत अशी की त्याच्या आधीच्या दोन ओळी कुणी वाचतच नाही. तिथं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतोय की मला दैन्यात राहणं समजतं आणि संपन्नतेतही राहणं समजतं, पोट भरलेलं असणं आणि उपाशी असणं दोन्ही समजतं. म्हणजे ते "सर्वकाही" म्हणजे प्रमोशन नाही हो, उपाशी राहणंसुद्धा त्यातच आलं.

आणि अकराव्या ओळीत तो एक शब्द वापरतो त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. "शिकलो". संतुष्ट राहायला मी शिकलो आहे म्हणतो. दमिष्काच्या वाटेवर प्रकाश पडला, तो प्रभूकडे वळला आणि सगळं समाधान एका झटक्यात आत आलं असं काही नाही, शिकावं लागलं. हे पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, परंपरेने मानतात की रोममध्ये, साधारण इ.स. 61-62, म्हणजे प्रभूच्या मागे चालायला लागून त्याला तीसेक वर्षं होत आली होती. तेव्हा आपल्याला दोन आठवड्यात जमलं नाही तर लगेच रडायचं कारण नाही.

त्या काळात स्तोइक म्हणून ग्रीक विचारवंत होते, त्यांचा आवडता शब्द पौलाने इथं उचललाय, औतार्केस, म्हणजे स्वतःत पुरेसा, कुणावाचून न अडणारा. आजचं बरंचसं पॉझिटिव्ह थिंकिंग हेच सांगतं की नाही, तुझ्या आतच सगळं आहे, आरशात बघून दहा वेळा म्हण. पौल शब्द त्यांचा घेतो पण अर्थ उलटा करतो, पुरेसा मी नाही, मला सामर्थ्य देणारा पुरेसा आहे. आणि हे ज्या पत्रात लिहितो ते पत्र मुळात फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पाठवलेल्या मदतीची पोच आहे! म्हणजे समाधानी माणूस दुसऱ्याची मदत घेतो, लाजत नाही.

आता करायचं काय, ते सांगते. मला जसं जमलं तसं सांगते, क्रम पण तोच ठेवलाय.

सगळ्यात आधी तक्रार करा. हो, आधी तक्रार. आपल्यात कुणी विचारलं "कसे आहात" की "प्रभूच्या कृपेने छान" हे तोंडात बसलेलं असतं, घरात गॅस संपलेला असला तरी. स्तोत्रसंहिता उघडून बघा, ढीगभर स्तोत्रं नुसत्या गाऱ्हाण्यांची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच, हे परमेश्वरा, किती वेळ, मला कायमचा विसरलास का. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणून रात्री झोपायच्या आधी जे खुपतंय ते देवाला स्पष्ट सांगायचं, सजवून नाही. फक्त पत्ता चुकवू नका, जाऊबाईला सांगितलं तर ती कुरकुर होते आणि देवाला सांगितलं तर प्रार्थना होते, माझा तरी असा अनुभव आहे.

मग स्वतःच्या जिवाशी बोलायचं. बेचाळिसाव्या स्तोत्रात तो माणूस स्वतःलाच विचारतो, हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास, तू आतल्या आत का तळमळत आहेस? आणि 103 मध्ये दावीद जिवाला बजावतो की त्याचे सर्व उपकार विसरू नको. दिवसभर आपण आपल्या मनाचं ऐकत बसतो, इथं तो मनाला ऐकवतो. मी त्यासाठी वही ठेवलीय, साधी दुरेघी, मुलाची उरलेली. उपकार लिहिताना एकच नियम, मोघम लिहायचं नाही. "आरोग्याबद्दल धन्यवाद, कुटुंबाबद्दल धन्यवाद" असं तीन दिवस लिहिलं की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. "भाजीवालीने कढीपत्ता न मागता घातला" हे लिहा. लहान आणि खरं.

खरं यावर जरा थांबते. फिलिप्पै 4:8 मध्ये कशाचं मनन करायचं ती यादी आहे, सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय. पहिला नंबर सत्याचा आहे बघा. म्हणजे नोकरी गेलीय आणि मी डोळे मिटून "सगळं मस्त चाललंय" म्हणतेय तर ते पहिल्याच चाळणीत अडकलं. लॉकडाऊनमध्ये आमच्या ह्यांचा पगार अर्धा झाला आणि नंतर कामच गेलं, तेव्हा एकाने फोनवर मला सांगितलं, ताई नकारात्मक बोलू नका, तोंडाने कबूल केलेलं घडतं. मी आठवडाभर तोंड बंद ठेवलं आणि रात्री जागी. मग एके दिवशी आम्ही दोघांनी बसून सगळा हिशोब कागदावर मांडला, कर्ज किती, डब्यात किती, फी किती. आकडे वाईटच होते. पण त्या रात्री झोप लागली.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, ती म्हणजे आजचा आकार. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. भाकर, आणि आज. यामागं मान्ना आहे, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, निर्गम 16. रानात माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, तेवढंच रोज गोळा करायचं. कुणी उद्यासाठी ठेवलं तर सकाळी त्यात किडे आणि वास. शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून आदल्या दिवशी दुप्पट, आणि तो मात्र नासला नाही. मला यात नेहमी वाटतं की देवाने बेगमीला नाही म्हटलं नाही, घाबरून साठवण्याला नाही म्हटलं. (आमच्या सासूबाईंचं उन्हाळी वाळवण यात पाप ठरत नाही, कुणी विचारायच्या आधी सांगते. नीतिसूत्रात मुंगीचं कौतुकच आहे.) तेव्हा आरडी भरा, विमा काढा, पण काळजी करायचीच झाली तर फक्त आजच्या मापाची करा. मी सकाळी चहाच्या वेळी ठरवते की आजची भाकर म्हणजे नेमकं काय. कधी ती लाइट बिल असते, कधी एक अवघड फोन. पुढच्या वर्षीचं कॉलेज आजच्या ओमरमध्ये बसत नाही, बाजूला.

याच लोकांचं पुढं गणना 11 मध्ये काय झालं तेही वाचा. मान्ना खाऊन कंटाळले आणि मिसरच्या आठवणी काढू लागले, तिथले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, फुकट मिळायचं म्हणे! गुलाम होते हो तिथं, विटा थापत होते. फोनवर जुने फोटो बघत "तेव्हा किती छान होतं" म्हणताना मला हे कांदे-लसूण आठवतात.

तुलनेचं औषध योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पुनरुत्थित प्रभू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की तुझं पुढं काय होणार, आणि पेत्र लगेच मागं वळून योहानाकडे बघतो, ह्याचं काय? प्रभू म्हणतो, त्याचं तुला काय, तू माझ्यामागं ये. मला तर हे वाचून हसूच आलं होतं, आपलं स्टेटस बघणं दुसरं काय आहे. चुलतभावाचा टोरांटोतला बर्फाचा फोटो आला की मनात पेत्र बोलतोच. ज्यांचं बघून पोटात कालवतं त्यांचे स्टेटस मी सरळ म्यूट केलेत, आणि त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करते. दुसरं जास्त अवघड आहे पण असूया त्यानेच उतरते.

द्यायला पण सुरुवात करा, अडचणीत असाल तरी. मासेदोनियातल्या मंडळ्या, फिलिप्पै त्यातलीच, कमालीच्या दारिद्र्यात असून देत होत्या असं पौल 2 करिंथ 8 मध्ये लिहितो. यावर जास्त सांगत नाही, एक डबा शेजारी देऊन बघा.

आता एक महत्त्वाचं, हे वापरून कुणाचं तोंड बंद करू नका. नवरा मारतो त्या बाईला "समाधानी राहा" सांगणं हे पवित्र शास्त्र नाही. पंडिता रमाबाईंकडे बघा. आई, वडील, बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तो 1882 मध्ये नवरा, आणि स्वतः जायच्या आदल्या वर्षी, 1921 मध्ये, मुलगी मनोरमा. अशा बाईने हे आपलं नशीब म्हणून हात जोडले असते तर केडगावचं मुक्ती मिशन, त्यांचा आश्रम, झालंच नसतं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मुलींना, विधवांना आणून सांभाळलं, आणि त्यातूनच हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद केला. देवाच्या बाबतीत समाधानी आणि अन्यायाच्या बाबतीत अजिबात नाही, दोन्ही एकाच माणसात राहू शकतं.

आणि आजार असेल तर डॉक्टर. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला प्रवचन देत नाही, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला देतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणं नको वाटतं असं होत असेल तर ते विश्वास कमी असल्याचं लक्षण समजू नका, मानसोपचार डॉक्टरांकडे जा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 फुकट आहे. गोळी चालू असताना प्रार्थना चालते, मी दोन्ही केलंय.

सुरुवात आज रात्रीच करा, फक्त तीन ओळी, एक तक्रार, एक उपकार, एक उद्याची भाकर. काल माझ्या वहीत होतं ते जसंच्या तसं देते: "प्रभू, गुडघा अजून दुखतोय, किती दिवस? पाणी सव्वासहाला आलं, टाकी भरली. उद्या नणंदेला फोन करायचाच."