नाताळच्या गडबडीत रोज लूकचा एक अध्याय

डिसेंबर लागला की नागपुरात आमच्या सदर भागात संध्याकाळी घरी कोणी सापडत नाही. कोणी कॅरलच्या तालमीला, कोणी कपड्यांसाठी बर्डीच्या बाजारात, कोणी मैदा-सुकामेवा आणायला इतवारीत. त्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू असलं तर बर्डीवरून परत येतानाच जीव मेटाकुटीला येतो. मग २६ तारखेला डबे आवरताना मनात येतं, सगळं झालं, पण प्रभूच्या जन्मापाशी आपण बसलो कधी?

यावर आमच्या घरी एक पद्धत रुळली आहे. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारं लूकचं शुभवर्तमान आहे, त्याचे अध्याय बरोबर २४. १ डिसेंबरला सुरुवात केली की नाताळच्या आदल्या दिवशी ते वाचून होतं.

सुरुवात मात्र वाचनाने करू नका. आधी एक काम कमी करा. भरलेल्या दिवसात मनन कोंबायला गेलं तर तेही एक कामच होऊन बसतं. नाताळच्या कामांची यादी लिहा आणि घरच्यांना विचारून त्यातलं एक खोडा. आम्ही अनारसे खोडले. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मग ते पीठ सांभाळा. सासूबाईंना विचारताना मला धाकधूक होती. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, माझेही गुडघे दुखतात."

मग जागा आणि वेळ ठरवा. नागपूरच्या थंडीत पहाटे उठवत नाही, म्हणून मी सकाळच्या चहाआधीची पंधरा मिनिटं धरली आहेत. शाल, खिडकीजवळची खुर्ची, छापील पवित्र शास्त्र. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

आता वाचा, आणि मोठ्याने वाचा. स्वतःला ऐकू येईल इतपत. डोळे पुढे पळतात, पण जिभेला तेवढं पळता येत नाही. पहिला अध्याय ८० वचनांचा, लूकमधला सगळ्यात मोठा, म्हणून पहिल्याच दिवशी घाबरू नका. त्यात जखऱ्या भेटतो. म्हातारपणी मुलगा होणार या देवदूताच्या निरोपावर त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते, ती योहानाच्या जन्मानंतर त्याचं नाव पाटीवर लिहीपर्यंत परतत नाही. इतके महिने गप्प राहिलेला माणूस तोंड उघडतो ते देवाच्या स्तुतीनेच. नाताळची गोष्ट लूक एका मुक्या माणसापासून सुरू करतो, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून वाचून झाल्यावर दोन मिनिटं काहीच बोलू नका. प्रार्थनाही नंतर करा.

वहीत एकच ओळ लिहा: आज कुठलं वचन मनात राहिलं. १० तारखेला, फराळ ऐन रंगात आलेला असताना, मार्था समोर येते, येशू घरी आला असताना पाहुणचाराच्या कामाने गांजलेली. माझ्या वहीत तिथे एका वर्षी फक्त तिचं नाव आहे.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय वाचू नका. तारखेचा अध्याय धरा आणि पुढे चला.

दिवसा हातांना एखादं संथ काम द्या. याच दिवसांत बाजारात संत्री असतात. आमच्याकडे केकसाठी साल पाकवतात: पातळ कापायची, उकळून पाणी दोन-तीनदा फेकायचं म्हणजे कडूपणा उतरतो, मग साखरेच्या पाकात मंद आचेवर ठेवायची. ढवळत उभं राहावं लागतं. सकाळचं वचन तिथे मनात आपोआप घोळतं.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या जवळचा असतो. त्या चार रविवारी उपासनेहून आल्यावर टेबलावर एकेक मेणबत्ती वाढवत न्या, आणि ती जळते तोवर सगळे एकत्र बसा. एवढं पुरे.

शेवटच्या दिवसांत मन हलतं. घराला रोषणाई चढत असते आणि २३ तारखेच्या अध्यायात वधस्तंभ येतो. मुलांनी विचारलं होतं, आज हे का वाचायचं? मी म्हटलं, उद्याही वाचू. २४ तारखेला रिकामी कबर आणि अम्माऊसची वाट, जिथे पुन्हा उठलेला येशू दोन शिष्यांना भेटतो. त्यानंतर रात्रीच्या उपासनेत गव्हाणीतलं बाळ पाहिलं, तेव्हा थोरली माझा हात धरून उभी होती.

२५ तारखेला केक कापण्याआधी दुसऱ्या अध्यायाची पहिली २० वचनं पुन्हा वाचा. आमच्याकडे ती घरातलं सगळ्यात लहान मूल वाचतं, अक्षर लावत, अडखळत. मध्ये कोणी दुरुस्त करत नाही.