मिनिटाला एक चमचा: जुलाबात बाळाला ओआरएस पाजायचं कसं

मी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. पावसाळा लागला की जुलाबाची बाळं येऊ लागतात आणि प्रत्येक आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सिस्टर, सलाईन लावा ना." ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची, पुडी घरात असते, पाजलेलीही असते. फसतं ते पाजण्यात. म्हणून त्याच्यावरच लिहिते.

आधी पाणी मोजा. एक लिटरची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच, पूर्ण ओतायची. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने कालवली तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. तांब्या घराघरात वेगळा असतो, त्यामुळे मी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली वापरायला सांगते. बाटली स्वच्छ धुवा, उकळून गार केलेलं पाणी भरा. २०० मिलीच्या लहान पुड्याही मिळतात, तेव्हा पुडीवरचं माप वाचाच. वरून साखर, दूध, सरबत काही घालू नका. कालवलेलं पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

आता पाजणं. दुधाची बाटली नको, वाटी-चमचा घ्या. बाळाला मांडीवर डोकं उंच ठेवून बसतं धरा आणि चमचा गालाच्या आतल्या बाजूला टेकवून हळू रिकामा करा. दोन वर्षांखालच्या बाळाला दर एक-दोन मिनिटांनी एक लहान चमचा. तहानलेलं बाळ वाटीवर झडप घालतं, आईला बरं वाटतं, ती घटाघटा पाजते आणि सगळं उलटून पडतं. मग घरातले म्हणतात, पोटात काही ठरत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, या वेळी दोन-तीन मिनिटांनी एक चमचा.

चमच्याने काय होणार, असं वाटतं ना? मी आयांना हिशोब करून दाखवते. लहान चमचा ५ मिलीचा. मिनिटाला एक, म्हणजे तासाला ३०० मिली. सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं निम्म्याहून जास्त पाणी सुईशिवाय पोटात गेलं! हा आकडा ऐकला की आजीसुद्धा चमचा हातात घेते. अन् आजी बसली की काम होतं, तिच्याइतका धीर वॉर्डात कुणाकडेच नसतो.

पुडीतली साखर चवीसाठी नाही. आतड्यातून ग्लुकोज आत शिरताना मीठ सोबत घेतं आणि मिठामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजायला दिला. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

प्रत्येक पातळ शी नंतर दोन वर्षांखाली पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. अंगावरचं दूध बंद करू नका. मोठं मूल मऊ भात, वरण, केळं खाऊ दे.

मूल सुस्त पडलं, पाणी घेईनासं झालं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, शीतून रक्त आलं, सहा तासांत लघवी नाही किंवा बाळ दोन महिन्यांखालचं असेल, तर घरी थांबू नका. गाडीत बसल्यावरही चमचा चालू ठेवा. फक्त शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका.

झिंकची गोळी जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायची: सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. चमचाभर अंगावरच्या दुधात ती विरघळते. पुड्या आणि गोळ्या आशाताईकडे किंवा उपकेंद्रात फुकट मिळतात. मृगाच्या आत दोन पुड्या आणून डब्यात ठेवा, आणि त्यांच्याशेजारी ती एक लिटरची बाटली.