चमच्यावरचे शिक्के वाचताना या चुका टाळा

मेटल डिटेक्टरचा आवाज स्वच्छ येतो, वीतभर खणलं की काळपट चमचा लागतो, आणि आपला अंगठा आपसूक त्याच्या दांड्यावर फिरायला लागतो. पहिली चूक इथेच होते. ओल्या मातीतली वाळू चांदीपेक्षा कठीण असते. अंगठ्याखाली तिचा पॉलिश पेपर होतो, आणि ज्या शिक्क्यावरून वस्तूची ओळख पटायची तो असतो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा.

घरी आणल्यावरची चूक याहून मोठी. अॅल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाण्याचा उपाय सगळ्यांना पाठ असतो. भांडं लख्ख होतं खरं, पण शिक्क्याच्या खोलगट भागात बसलेला काळा थरही जातो. तो काळेपणा म्हणजे अक्षराची शाई. सगळं पांढरंशुभ्र झालं की उथळ अक्षर डोळ्यांना दिसेनासंच होतं. शिवाय फार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ झालेली असू शकते. डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश आणि टोक काढलेली बांबूची काडी एवढ्यावर थांबा. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड एका बाजूने पाडा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघत चमचा हळूहळू फिरवा. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये न दिसणारा मुकुट अशा तिरक्या उजेडात दिसतो.

चार चौकटी म्हणजे चांदी नव्हे

यात मीही फसलो आहे. मला सापडलेल्या पहिल्या काट्यावर ओळीने चार ढाली होत्या आणि प्रत्येकीत एक वळणदार गॉथिक अक्षर. संध्याकाळभर मी त्या 'कारागिरा'चं नाव शोधत बसलो. अक्षरं होती ई, पी, एन, एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर ऊर्फ जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी नसते. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि मग अशा वस्तूंचा पूर आला. दुरून हॉलमार्क (चांदी तपासून मारलेले अधिकृत शिक्के) वाटतील असे शिक्के मारणं हा त्या धंद्याचाच भाग होता.

इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर आधी सिंह शोधा: डावीकडे तोंड करून चालणारा, पुढचा एक पंजा उचललेला. १५४४ पासून ती स्टर्लिंगची, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीची खूण आहे. मधल्या १६९७ ते १७२० या काळात मात्र ९५८ चा चढा दर्जा सक्तीचा होता. तेव्हा चालता सिंह नाही. बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंहाचं तुटक मुंडकं येतं. सिंह नाही म्हणून असा चमचा नकली ठरवून डब्यात टाकणारे महाभाग आहेत. त्यांच्या डब्यात एकदा डोकवायला हवं!

उलटही होतं. अमेरिकेच्या गोरहॅम कंपनीच्या शिक्क्यात सिंह, जहाजाचा नांगर आणि गॉथिक जी असतो. नांगर ही बर्मिंगहॅमची खूण, त्यामुळे माणूस बर्मिंगहॅमच्या याद्या धुंडाळत बसतो. बाजूला 'स्टर्लिंग' हा शब्द अक्षरांत लिहिलेला असेल तर अमेरिकेकडे बघा. इंग्लंडच्या अधिकृत शिक्क्यांत तो शब्द नसतो.

आकड्यांवर भाळू नका

८०० आणि ९२५ सरळ आहेत: हजारात तेवढे भाग चांदी. जर्मनीत १८८८ पासून ८०० च्या शेजारी चंद्रकोर आणि मुकुट दिसतात. रशियाच्या मापातला ८४ म्हणजे हजारात ८७५ चा दर्जा. पण जर्मन काट्या-चमच्यांवरचा ९० हा आकडा नव्वद टक्के चांदी सांगत नाही. डझनभर चमचे आणि डझनभर काटे मिळून ९० ग्रॅम चांदीचा मुलामा चढवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' यातला आकडाही त्या चमच्याचं साल नाही. ते मुलाम्याच्या मालाचं ब्रँडनेम आहे आणि कित्येक दशकं तसंच छापलं गेलं.

फ्रेंच वस्तूवर आकड्याआधी चौकट बघावी. उभ्या शंकरपाळ्यात कारागिराची अक्षरं असतील तर चांदी, चौरसात असतील तर मुलामा. १८३८ पासून खऱ्या चांदीवर मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं मस्तकही येतं.

हिरवा गंज दिसला की 'मुलामाच' म्हणणंही घाईचं आहे. स्टर्लिंगमध्ये साडेसात टक्के बहुधा तांबंच असतं आणि जमिनीत तेही हिरवं होतं. कडा आणि चमच्याचा टेकणारा उंचवटा बघा: तिथे वरचा थर झिजून आत पिवळट किंवा तांबूस धातू दिसला तर प्रश्न मिटला. चुंबकाने काही सिद्ध होत नाही, कारण चांदीसारखंच जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही.

गाव सोडून साल

तारखेचं अक्षर, म्हणजे साल सांगणारं अक्षर, एकटं वाचता येत नाही. लंडनची अक्षरमाला वीस अक्षरांत संपायची, बर्मिंगहॅमची त्याहून लांब. त्यामुळे एकाच सालात दोन गावांत वेगळी अक्षरं चालत. अक्षराचं वळण आणि ढालीचा आकार दर फेरीला बदलायचा, म्हणून वहीत नुसतं 'के' लिहून ठेवणं व्यर्थ आहे. ढालीसकट चित्र काढा. आधी चांदी तपासणाऱ्या कार्यालयाचं गाव: बिबट्याचं तोंड लंडनचं, नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफील्डचा (ही दोन कार्यालयं १७७३ ची), किल्ला आणि सोबत काटेरी फूल एडिंबराचं. राजा किंवा राणीचं मस्तक असेल तर काम निम्मं झालं, कारण ती कर भरल्याची खूण १७८४ ते १८९० एवढ्याच काळातली. आणि चमचा उलटा तर धरला नाही ना? सिंहाचे पाय खाली आल्याशिवाय एन आणि यू, डी आणि पी यांत फरक करू नका.

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये सापडलेल्या चमच्याचं साल कायद्यालाही लागतं. तीनशे वर्षांहून जुनी आणि वजनाच्या किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली (सापडलेल्या खजिन्याच्या कायद्याखाली) येते. ती चौदा दिवसांत कोरोनरला (अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावी लागते, आणि त्याआधी घासूनपुसून ठेवायची नसते.

आद्याक्षरं अगदी शेवटी

सगळे सुरुवात करतात ती इथून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तीच दोन अक्षरं वापरणारे कारागीर एका शहरात, एकाच काळात अनेक असू शकतात. गाव आणि साल हाती आल्यावरच यादी दोन-तीन नावांवर येते. मग अक्षरांचं वळण, मधला ठिपका, चौकटीचे कोपरे जुळवायचे. वळणदार लिपीतलं एचबी म्हणजे लंडनची चांदी-कारागीर हेस्टर बेटमन, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तिने आपला शिक्का १७६१ मध्ये नोंदवला, आणि तुमच्या चमच्याचं साल त्याआधीचं निघालं तर ती नव्हे. जुन्या शिक्क्यांत जे ऐवजी बहुधा आय असतो, म्हणून जॉन, जेम्स, जोसेफ हे सगळे आयखाली शोधा. १६९७ नंतरच्या त्या चढ्या दर्जाच्या काळात तर आडनावाची पहिली दोन अक्षरं मारायचा नियम होता. तिथे एफएवर 'फ्रान्सिस ए.' शोधणारा हमखास चुकतो. शिवाय हा शिक्का चांदी तपासायला पाठवणाऱ्याचा असतो. चमचा घडवणारा हात दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

साधारण १७८० पूर्वीच्या चमच्यांवर शिक्के दांड्याच्या वाटीजवळच्या अरुंद भागात ठोकलेले असतात. नंतर दांडा घडवून सारखा करताना ते शिक्के चेपायचे, लांबट व्हायचे. अशा वेळी अक्षर ओढूनताणून बसवू नका. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून चारही बाजूंच्या उजेडात चार फोटो काढा, आणि वहीत 'दुसरं अक्षर पी किंवा आर' असंच लिहा.