गच्चीवरून आकाश टिपताना या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडी किंवा गोकाक येथे घराच्या गच्चीवरून आकाशनिरीक्षण करणाऱ्यांची पहिली तक्रार पथदिव्यांबद्दल असते. ती खोटी नाही. परंतु एखादी रात्र वाया का गेली हे नीट तपासले, तर दोष दिव्यांपेक्षा लक्ष्य, दिशा आणि वेळ यांच्या निवडीत अधिक सापडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तेजोमेघ-दीर्घिकांच्या यादीतील दृश्यप्रत (तेजाचा आकडा; तो जितका लहान, तितकी वस्तू ठळक) पाहून लक्ष्य ठरवणे. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ या दीर्घिकेची प्रत सुमारे ५.७ आणि स्वरमंडळातील एम ५७ या कंकणाकृती तेजोमेघाची ८.८ दिलेली असते, त्यामुळे पहिली सोपी आणि दुसरा अवघड असा समज होतो. प्रत्यक्षात शहरातून नेमके उलटे घडते. एम ३३ चा सगळा प्रकाश पूर्णचंद्राच्या दुपटीहून लांब क्षेत्रावर पसरलेला असल्यामुळे तो उजळलेल्या पार्श्वभूमीत बुडून जातो, तर एम ५७ जेमतेम दीड कलेत (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एकवटलेला असल्यामुळे सहा इंची दुर्बिणीतून शंभर-दीडशे पट वर्धन लावल्यावर धुराच्या कड्यासारखा ओळखू येतो. वर्धन वाढवले की आकाशाची पार्श्वभूमीही काळवंडते, हा शहरी निरीक्षकाचा हक्काचा फायदा आहे. मात्र दुर्बिणीच्या खोक्यावर छापलेल्या ‘६०० पट’ वर्धनावर विश्वास ठेवू नये. आरशाचा किंवा भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे प्रतिमा फक्त मोठी आणि धूसर होते. त्याच खोक्यात नेत्रिकेला (डोळ्याजवळच्या भिंगनळीला) लावायचा सूर्याचा छोटा काळा फिल्टर असेल, तर तो सरळ फेकून द्यावा, कारण एकवटलेल्या उष्णतेने तो तडकू शकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवा.

दुसरी चूक दिशेची. वडगाव-येळ्ळूरच्या बाजूला राहणाऱ्यांच्या पाठीशी, म्हणजे उत्तरेला, शहर येते आणि दक्षिण आकाश त्या मानाने काळे राहते. कणबर्गीकडच्यांच्या दक्षिणेला मात्र अख्खे बेळगाव उजळलेले असते. आपल्या गच्चीची काळी बाजू ओळखून लक्ष्य त्या बाजूला कधी येईल याची वाट पाहणे हे कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा उपयोगी ठरते. बेळगावचा अक्षांश सुमारे १५.८५ अंश उत्तर असल्यामुळे ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला सुमारे २७ अंश उंचीवर येतो. वळिवाच्या ढगांनी घात केला नाही, तर या भागात राहण्याचे याहून चांगले बक्षीस नाही.

याच अक्षांशाची दुसरी बाजू त्रासाची आहे. ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर असतो आणि शेजारची पाण्याची टाकीही त्याला झाकून टाकते. इक्वेटोरियल माउंटच्या (एक अक्ष ध्रुवाकडे रोखून ताऱ्यांमागे फिरणाऱ्या बैठकीच्या) परदेशी माहितीपुस्तिका युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांना धरून लिहिलेल्या असतात; त्यांतल्या चित्राप्रमाणे ४०-४५ अंशांचा कोन तसाच ठेवला, तर तारे रेषा होऊन उमटतात. कोन १६ अंशांवर आणताना प्रतिभाराचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा तिपाईच्या पायाला अडत नाही ना, हे आधी पाहावे. तिपाईचा एक पाय नेमका उत्तरेला ठेवल्यास काही माउंटवर ही अडचण सुटते, काहींवर ती आणखी वाढते. ध्रुव दिसतच नसेल, तर ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे एखादा तारा दुर्बिणीत कोणत्या बाजूला सरकतो हे पाहून, अक्ष जुळवता येतो.

प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर घेतला की काम झाले, ही समजूत आता जुनी झाली आहे. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा बराचसा प्रकाश ठरावीक तरंगलांबींत असे आणि तो अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश जवळपास सगळ्या वर्णपटावर पसरलेला असतो. हायड्रोजनची ६५६ आणि ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरची रेषा तेवढी सोडणारे दुहेरी फिल्टर मृगातील तेजोमेघासाठी उत्तम चालतात, परंतु दीर्घिका आणि तारकागुच्छ यांना त्यांचा उपयोग नाही, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

एक्स्पोजरच्या बाबतीत ‘५०० भागिले फोकल लेंथ’ (उत्तर सेकंदांत) हा नियम केवळ ताऱ्यांची रेषा होऊ नये यासाठी आहे; शहरात आकाशच आधी पांढरे होते. म्हणून हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातील उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर येईल एवढाच वेळ ठेवावा, रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात अनेक छायाचित्रे घ्यावीत आणि सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती एकत्र करावीत. छायाचित्रांची संख्या चौपट केली की संकेताचे गोंगाटाशी असलेले प्रमाण दुप्पट होते. फ्लॅट फ्रेम (धूळ व कडांचा काळोख वजा करण्यासाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे घेतलेले छायाचित्र) टाळणे ही शहरात दुप्पट जाचणारी चूक आहे, कारण उजळ पार्श्वभूमीवर धुळीचा प्रत्येक ठिपका उठून दिसतो. फोकस मात्र भिंगावरच्या अनंताच्या खुणेवर सोडू नये. एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून हातानेच जुळवावा.

दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि गुरूचे पट्टे पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात, त्यामुळे ग्रहांसाठी पहाट बरी. गळिताच्या हंगामात अथणी-चिकोडी पट्ट्यात फडातला पाला पेटवला जातो, तेव्हा धुराच्या थरात विखुरलेला दिव्यांचा प्रकाश निरभ्र रात्रही गढूळ करतो. अशा रात्री चंद्र किंवा जोडतारे पाहावेत.

पावसाळ्याच्या उघडिपीत अंधारासाठी जांबोटी-चोर्ल्याकडे धाव घेणे चुकते, कारण घाटमाथ्यावर तेव्हा धुके असते. पूर्वेकडे पाऊस बराच कमी असतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पूर्वेकडच्या जमखंडीत तळ ठोकला होता, आणि ढगांनी तेथेही छळले तरी मधल्या फटीतून त्यांना सौरज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहता आल्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंगे चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कपाटात बंद ठेवल्यास त्यांवर बुरशीचे जाळे धरते आणि पुसून ते जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ती ठेवावीत आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा वापरावे.