कवीच्या मरणावरून कविता वाचू नका

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता. बहुतेकांना ती शाळेपासून पाठ असते. पण तिच्यावर चार पानं लिहायची वेळ आली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच बालकवी जिथे रेल्वेखाली गेले ते भादली स्टेशन येतं, रेल्वेचे रूळ येतात आणि ५ मे १९१८ ही तारीख येते. मग काळा डोह म्हणजे मृत्यू, पांढरी पायवाट म्हणजे आयुष्य आणि जळात पाय टाकून बसलेलं झाड म्हणजे मरणाची चाहूल लागलेला कवी, असं सगळं भराभर जुळत जातं. इतकं सहज जुळायला लागलं की तिथेच पेन खाली ठेवायचं. वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत आपण रेल्वेखाली जाणार आहोत, हे कविता लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. माहीत आहे ते तुम्हाला.

मराठी घेऊन एम.ए.ला आलेल्या, लघुप्रबंधाला विषय शोधणाऱ्या नव्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. आशय, अभिव्यक्ती, निवेदक हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. बाकीच्या चुका शिक्षक लाल शाईने दाखवतात. ही एक चूक वाचायला इतकी छान लागते की तिला शाबासकी मिळते, आणि पुढच्या टप्प्यावर अख्खं प्रकरण कोसळतं. म्हणून हिच्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

कवीचं आयुष्य तासभर बाजूला ठेवा आणि त्या आठ ओळींत काय होतं ते कागदावर उतरवा. आधी रंग. सुरुवातीला हिरवाळी आणि निळासावळा झरा, मग शेतमळ्यांची हिरवी गर्दी, त्यातून पांढरी पायवाट, आणि शेवटी काळा डोह. आता क्रियापदं. झरा वाहतो, पायवाट अडवीतिडवी पडते, डोहाकडे चालत जाते, काळिमा लाटांवर पसरतो. सगळं कुठे ना कुठे सरकतं आहे. फक्त शेवटच्या ओळीत कुणीतरी बसलेलं आहे. आणि ज्या काळिम्यावर तुमचा मृत्यूचा सगळा इमला उभा आहे, त्याला कवीने ‘गोड’ म्हटलं आहे. या ‘गोड’चं तुम्ही काय करणार? मृत्यूचा अर्थ लावायला कुणाची बंदी नाही, पण तो या शब्दाला सामोरं जाऊन लावा. भादली स्टेशन इथे पुरावा म्हणून चालत नाही.

याचा अर्थ चरित्र वाचूच नका असा घेऊ नका. लेखकाच्या आयुष्याचं पान उघडायचंच नाही, असा दंडक काही जण घालतात. मला तो पटत नाही. चरित्र लागतंच, पण ते तारखांसकट लागतं. त्यासाठी एक तक्ता करा. फुलस्केप कागद आडवा धरून पाच रकाने आखा: वर्ष आणि जमल्यास महिना, आयुष्यातली घटना, काय लिहून झालं, काय प्रसिद्ध झालं किंवा रंगभूमीवर आलं, आणि ही माहिती कुठून मिळाली. तिसरा आणि चौथा रकाना चुकूनही एकत्र करू नका. सगळी गडबड तिथेच होते. कथा एखाद्या दिवाळी अंकात येते आणि संग्रहात काही वर्षांनी. तुम्ही संग्रहाचं साल धरता आणि त्या साली लेखकाच्या घरात काय घडलं होतं ते शोधत बसता.

गडकऱ्यांचं उदाहरण घ्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या पश्चात. म्हणजे पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी काय उचलून धरलं, कशावर टाळ्या पडल्या, याचा लेखकाच्या मनाशी काही संबंध लावता येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या नाटकातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. नायिका सिंधूच्या तोंडचं पद घेऊन त्यावरून गडकऱ्यांच्या मनातली स्त्री उभी केलेले निबंध सर्रास दिसतात. ज्याने ती ओळ लिहिलीच नाही, त्याच्या मनाचा ठाव त्या ओळीतून घेतलेला असतो. हे कळायला संशोधन करावं लागत नाही. पुस्तकाची पहिली दहा पानं न वगळता वाचावी लागतात, एवढंच.

केशवसुत १९०५ मध्ये गेले. त्यांच्या कवितांचा संग्रह नंतर, दुसऱ्यांनी सिद्ध केला. तेव्हा संग्रहात कोणती कविता कोणत्या कवितेशेजारी आहे यावरून त्यांच्या मनाचा प्रवास काढू नका. त्यांची जन्मतारीखसुद्धा कुठे १५ मार्च १८६६ तर कुठे ७ ऑक्टोबर १८६६ अशी सापडेल. अशा वेळी दोन्ही तारखा लिहा, प्रत्येकीपुढे आधार लिहा आणि पुढे चला. त्यात महिना घालवू नका.

मध्ययुगीन वाङ्मयाकडे वळलात तर शकाचा घोळ समोर येतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. तक्त्यात मूळ शक आणि इसवी दोन्ही ठेवा. तुकारामांचा अभंग देताना नुसता क्रमांक देऊ नका. गाथेच्या निरनिराळ्या प्रतींत क्रमांक बदलतात आणि अभंगांची संख्याही. कोणती गाथा ते न सांगता दिलेला क्रमांक परीक्षकाच्या काहीच कामाचा नसतो.

आता आपल्या कोल्हापूरकडचे लेखक. कोल्हापुरात बसून मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला मोठी सोय आहे आणि तेवढाच मोठा धोका. सोय अशी की करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे आणि विद्यापीठातच वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. कादंबरीकार ना. सी. फडके आणि कवी माधव ज्यूलियन दोघेही राजाराम कॉलेजात शिकवायचे. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, आनंद यादव कागलचे. म्हणजे एसटीने पोचता येतील अशा गावांत तुमचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

धोकाही यातूनच येतो. इथे प्रत्येक लेखक ‘आपला माणूस’ असतो आणि त्याच्याबद्दल सांगायला प्रत्येकाकडे काहीतरी असतं. मिसळ खाताना ऐकलेला किस्सा थेट प्रबंधात जातो. किस्से जरूर गोळा करा, सोडू नका, कारण सांगणारी पिढी संपत चालली आहे. पण प्रत्येक किश्शाखाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि त्याने स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं हेही लिहा. ऐकीव असेल तर तक्त्यात पेन्सिलीने नोंद करा. दुसरा स्वतंत्र आधार मिळाल्याशिवाय त्यावर शाई फिरवायची नाही.

खांडेकरांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. त्यांचं जन्मनाव गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झालं. जुनी कागदपत्रं एकाच नावाने धुंडाळली तर सुरुवातीची वर्षं हातातून निसटतात. १९२० ते १९३८ ते शिरोड्याला शिक्षक होते, त्यानंतर कोल्हापूर. पण १९३८ च्या आधीच ‘छाया’सारख्या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिलेली होती. तेव्हा ‘कोल्हापूरला आले आणि सिनेमाकडे वळले’ हे सोपं वाक्य तक्ता केला की टिकत नाही. ‘एका पानाची कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८१ चं, म्हणजे ते गेल्यानंतर पाच वर्षांनी छापलेलं. आत्मचरित्र ही साक्ष आहे, आणि साक्ष उलटतपासणीशिवाय घेत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली, आणि त्यात बालकवी येतात ते त्याआधी दोन दशकांपूर्वीच्या दिवसांतले. पुस्तक अस्सल आहे. तरी मधली वर्षं तुमच्या हिशेबात असली पाहिजेत.

खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ ची. साहित्य अकादमी पुरस्कार १९६० मध्ये, ज्ञानपीठ १९७४ मध्ये. या कादंबरीवरचा कुठलाही लेख हातात आला की आधी तो १९७४ च्या अलीकडचा की पलीकडचा ते पाहा. पुरस्कारानंतरच्या लेखांचा सूर वेगळा असतो. त्यांतली वाक्यं १९५९ च्या वाचकाच्या तोंडी घालता येत नाहीत. कादंबरी उघडण्याआधी महाभारताच्या आदिपर्वातलं ययातीचं आख्यान वाचा. तिथे तो आपल्या मुलाचं, पुरूचं, तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो. खांडेकरांनी ते तसं ठेवलेलं नाही. हा बदल कुठल्या पानापासून सुरू होतो ते शोधलंत तरी निबंधाचा पाया घातला गेला. कादंबरीचे निवेदक तीन आहेत: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. कच या महत्त्वाच्या पात्राला निवेदन दिलेलंच नाही. ‘कच म्हणजे खांडेकर’ असं म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचं उत्तर द्यायला हवं.

निवेदक आणि लेखक एकच मानण्याची खोड आनंद यादवांच्या ‘झोंबी’च्या वेळी फार नडते. १९८७ चं हे पुस्तक आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे. कागलच्या शेतीचं, शिक्षणासाठी केलेल्या झगड्याचं चित्र इतकं खरं उतरलं आहे की विद्यार्थी त्यातलं वाक्य ‘यादवांच्या आयुष्यातली घटना’ म्हणून तळटीपेत टाकतो. तसं करू नका. ‘कादंबरीतला आंदा’ आणि ‘लेखक आनंद यादव’ ही दोन नावं तुमच्या लिखाणात शेवटपर्यंत वेगळी राहू देत.

विषय लहान घ्या. ‘मृत्युंजय: एक अभ्यास’ हा विषय नाही, ते नुसतं शिवाजी सावंतांच्या कर्णावरच्या कादंबरीचं नाव आहे. कादंबरीत सहा जण बोलतात. त्यांतली एकटी कर्णाची बायको वृषाली घ्या, तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही एवढंच बघा. साठ पानांचा लघुप्रबंध त्यातून आरामात होतो. वाचन तीनदा करा. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्यांदा प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड करून: कोण बोलतंय, कुणाशी, कधीचं, आणि आवृत्ती व पान. तिसऱ्यांदा फक्त दोन-तीन पानं निवडून, ‘औदुंबर’चं वर केलं तसं. पहिल्या खेपेला एका पानाला तीन-चार तास लागतील. लागू देत. तुमची गती कमी आहे असं समजून खचू नका, हे काम हळूच होतं.

झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स मी पुस्तकाजवळ फिरकू देत नाही. त्यांत माहिती चुकीची असते म्हणून नाही, कधी कधी बरोबरही असते. पण एकदा त्या वाचल्या की तुमचा डोळा त्यांनी सांगितलेलंच बघतो. पहिला मसुदा संपेपर्यंत त्या कपाटात राहू देत. विश्वकोशातली नोंद मात्र सुरुवातीलाच वाचा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. प्रत्येक प्रकरणावर हसतमुखाने सही करणारा मार्गदर्शक तुमचं नुकसान करतो. ‘हे कुठून आलं?’ असं प्रत्येक पानावर विचारणाऱ्याकडे जा, तो कितीही तुसडा वाटला तरी. त्याच्याकडे जाताना चाळीस पानांचा मसुदा नेऊ नका. पाच रकान्यांचा तक्ता, दोन पानांचं बारकाईचं वाचन आणि वापरलेल्या आवृत्तीच्या मुद्रणपानाची झेरॉक्स एवढं न्या. आवृत्ती कितवी, पुनर्मुद्रण कधीचं, प्रस्तावना कोणत्या साली जोडली, हे सगळं त्या एका पानावरून दिसतं. तक्त्यातला पाचवा रकाना कुठे कुठे रिकामा आहे, ते त्याला आधी स्वतःच दाखवा.