बागेत साधना करताय? मग या चुका टाळा

मन शांत व्हावं, हातून थोडी साधना घडावी म्हणून हल्ली बरेच जण बागकामाकडे वळतात. चांगलंच आहे. अडचण एवढीच की बागेत शिरताना आपण आपली घाई, हौस आणि काळजीही सोबत घेऊन जातो. झाडं दुर्लक्षाने मरतात तशी अति लक्ष दिल्यानेही मरतात, आणि साधनेच्या ओढीने आलेल्या माणसाकडून बहुधा दुसरा प्रकार घडतो.

मायेपोटी घातलेलं जास्तीचं पाणी

मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना ती लागते. गरज नसताना रोज झारी ओतली की त्या पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. मलूल पान दिसलं की आपण काय करतो? आणखी पाणी घालतो! तहानलेलं झाड आणि पाण्यात बुडालेलं झाड वरून जवळजवळ सारखंच दिसतं, घोळ होतो तो इथेच.

उपाय साधा आहे. पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन इंच खुपसा. आत ओल लागली तर झारी खाली ठेवा. कुंडी उचलून पाहिली तरी वजनावरून अंदाज येतो. कुंडीच्या तळाचं भोक बुजलं नाही ना, तेही बघा.

झारी खाली ठेवणं मात्र भल्याभल्यांना जड जातं. काही केलं नाही तर प्रेम कमी पडलं, असं वाटत राहतं. सेवाभावी माणसांनी हे बोट खुपसून बघणं घरातही करून पाहावं. आपण जे देतोय त्याची गरज समोरच्याला आहे, की देण्याची गरज आपल्याला? उत्तर दर वेळी सुखाचं येत नाही.

बी उकरून बघणं

बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरायचं, अगदी बारीक बी नुसतं मातीवर दाबायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं जमत नाही. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, मिरची दोन आठवडेही घेते, आणि आठव्या दिवशी आपण काडीने माती उकरतो. बियातून आधी मूळ बाहेर पडतं, कोंब नंतर. म्हणजे वर काहीच दिसत नसतं तेव्हा खाली काम सुरू झालेलं असतं, आणि उकरताना तेच कोवळं मूळ तुटतं. पेरल्याची तारीख कुंडीवर लिहून ठेवा आणि त्या बियाला लागतो तेवढा वेळ त्याला द्या. ध्यानाला बसून आठवडा होत नाही तोच ‘मन शांत झालं का’ हे तपासत राहणं त्यातलंच आहे. तपासणारं मन तेवढा वेळ तरी शांत नसतं.

अळी दिसली की एकदम टोक गाठणं

लिंबाच्या कोवळ्या पानावर कधी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसतं, काळपट-तपकिरी, मधे पांढरा डाग. हात लावला की हलतं. ही फुलपाखराची अळी. थोडी मोठी झाली की हिरवी होते आणि पानं फस्त करत सुटते. मग एक जण फवारणीचा पंप काढतो, तर दुसरा अहिंसा म्हणून हातभर रोपाचा खराटा होऊ देतो. दुसऱ्याची भूतदया मला तरी अर्धवट वाटते, रोपही जिवंतच आहे की. मोठं झाड चार अळ्या सहज सोसतं, तिथे काहीच करू नका. रोप लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून मोठ्या लिंबावर सोडा. माव्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, आधी पाण्याची जोरदार धार पुरते, कोवळ्या शेंड्यांवर मात्र जरा जपून. तत्त्व पाळायचं तर आधी खाली वाकून बघावं लागतं, कोण कुणाला किती खातंय ते.

छाटणीची भीती हाही मोहच. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदी फुटायच्या जागांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. फक्त वैराग्याच्या भरात एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

प्रत्येक पानात उपदेश शोधणं

पान गळलं की अनित्यता, फूल उमललं की कृपा. असा चष्मा लागला की पिवळ्या पडलेल्या पानाची खालची बाजू बघायचं राहून जातं, आणि तिथेच कोळी किडीचं बारीक जाळं असतं. अर्थ सुचत असतील तर सुचू द्या, पण आधी पान उलटून बघा.

याच चुकीचं मोठं रूप झाड मेल्यावर दिसतं. ‘त्याची वेळ आली होती, ईश्वरेच्छा’ म्हणून कुंडी रिकामी केली की चौकशी तिथेच संपते. त्याऐवजी मातीचा गोळा सोडवून मुळं बघा. तपकिरी, मऊ, वास मारणारी असतील तर पाणी जास्त झालं होतं. गोल गोल गुंडाळून कुंडीच्या आकाराची झाली असतील तर जागा अपुरी होती. कुजलेल्या मुळांची माती दुसऱ्या कुंडीत घालू नका, कुंडीही धुऊन घ्या. एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर ईश्वरेच्छा खुशाल म्हणा.