अभ्यासाला बसता ना? मग या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे दहावी-बारावीची मुलं शिकवणीला येतात. परीक्षा जवळ आली की पालकांची तक्रार एकच: सर, बाहेर फार आवाज असतो हो. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, गच्च्यांवर स्पीकर, नवरात्रात गरबा, कबूल. पण पोरगं स्वतःच्या हाताने कानात गाणी घालून बसतं, त्याचं काय?

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बारावीची एक मुलगी जीवशास्त्र कोरियन गाण्यांवर 'वाचायची'. "सर, भाषाच कळत नाही, मग त्रास कसला?" मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनमध्ये रक्त गाळलं कुठे जातं? आकृती डाव्या पानावर होती, एवढंच तिला आठवलं. गाणी बंद करून तेच पान पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा ग्लोमेरुलस आलं, बोमनची संपुटी आली. कोल आणि वेल्श या संशोधकांनी १९७६ मध्ये हेच दाखवलं होतं: समोरची अक्षरं क्रमाने लक्षात ठेवताना कानावर जर्मन उतारा पडला, तर जर्मन न येणाऱ्यांच्याही चुका वाढतात. वाचलेलं आपण मनातल्या मनात म्हणत धरून ठेवतो आणि सतत बदलणारा बोलका आवाज नेमका तिथेच कडमडतो. पंख्याची एकसुरी घरघर तेवढी नडत नाही. तेव्हा पंखा चालू, गाणी बंद.

फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसू नका. "हो का? मग? अगंबाई!" एवढंच ऐकू आलं की पलीकडे काय चाललंय याचा अंदाज डोकं बांधतच बसतं. समोरासमोरच्या गप्पा परवडल्या. आजींना फोन घेऊन ओट्यावर जायला सांगण्याचं काम मात्र आईने करावं.

फोन पालथा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. टीव्हीचा आवाज कमी नको, टीव्हीच बंद.

"आमच्या बाळ्याला सवय आहे" म्हणणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कच्या एका शाळेत आगगाडीच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे पडलेली १९७५ च्या अभ्यासात आढळली. त्या मुलांना काय सवय नव्हती? पुढे रुळांखाली रबर आणि वर्गांत आवाज शोषणारी छतं बसली, तेव्हा कुठे फरक मिटला.

घरात जागाच नसेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केली, जा, बसा. उत्तरायणाच्या दोन दिवसांत मी पाठांतर देतच नाही. सकाळी आकृत्या काढा म्हणतो, दुपारी पतंग उडवा.